लिंब नेसवताना

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. देवाशीही माझा व्यवहार बाजारातलाच होता. तू हे दे, मग मी ते देईन. त्या वर्षी मात्र माझी बोलती बंद झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ देशोदेशी फिरत असल्याचं चावडीवरचा रेडिओ सांगत होता. मलकापूरजवळच्या आमच्या गावातही ती पोचली, माणसं घेऊन गेली. अशात एका सकाळी माझा पाच वर्षांचा श्रावण ओकू लागला.

ओकारी म्हणजे पटकी, एवढंच गावाला कळत होतं. शेजारणींनी दारं लावून घेतली. त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं, मीही तेच केलं असतं. मालकांनी गाडी जुंपली, पण मी हट्ट धरला, की आधी शिवेवरच्या मरीमायपुढं लिंब नेसवायचा, मग दवाखाना. आमच्याकडे पटकीच्या दिवसांत लेकराच्या कमरेला कडुलिंबाचे डहाळे बांधून त्याला मायच्या पायावर घालतात. "येळ नोको लावू," एवढंच मालक म्हणाले.

पोर कण्हत होतं, म्हणून मी चड्डीवरूनच डहाळे बांधायला लागले. मायच्या ठाण्याशी एक अनोळखी बाई बसली होती. ती खेकसली, "असा नेसवतात काय वं लिंब? अंगावर सुताचा धागा बी ठेवू नोको." मला तिचा रागच आला. लेकरू विव्हळतंय आणि हिला रीत सुचते. पण देवीच्या दारात वाद कोण घालणार? मी चड्डी उतरवली, तर जांघेत आवळ्याएवढी टणक, लालभडक गाठ. हात लागताच श्रावण किंचाळला. बाईनं वाकून पाहिलं. "मायनं दाखवलं तुले. आता काऊन बसली? जाय, डॉक्टरले दाखव."

दवाखान्याच्या फाटकावर कंपाउंडरनं ओकारी म्हणताच पटकीच्या तंबूकडे बोट केलं. परक्या पुरुषासमोर माझा पदर कधी ढळला नव्हता, आवाज चढणं तर दूरच. त्या दिवशी मी फाटकातच डहाळे बाजूला सारले आणि ओरडले, "जुलाब एक बी नाही त्याले. आधी ही गाठ पाहा, मंग तंबूत टाका." तो आवाज आठवला की आजही माझी मान ताठ होते. डॉक्टर बाहेर आले. गाठ चाचपून म्हणाले, "बाई, आतडं जांघेत उतरून अडकलंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. तंबूत गेला असता तर हाती लागला नसता."

साथीमुळे आईबापाला आत मनाई होती. नर्सनं श्रावणला उचललं, तेव्हा त्यानं माझं बोट आपणहून सोडलं. रडला नाही. तिला म्हणाला, "माही माय रडून राह्यली, तिले पाणी दे." एवढ्या वेदनेत माझं लेकरू माझी काळजी करत होतं. माझा ऊर अभिमानानं भरून आला आणि त्याच वेळी फाटलाही.

बाहेर चिंचेखाली बसून नवस बोलायला तोंड उघडलं, तर काही सुचेना. साडी, कोंबडं, नारळ, सगळं आधीच कबूल करून झालं होतं. मग इतकंच म्हटलं, माय, तो तुझाही आहे, मला आत सोडत नाहीत, तू जा. भीती गेली असं मी सांगणार नाही. पण तिच्याशी चाललेली ओढाताण थांबली. मालकांनी माझ्या हातावर हात ठेवला. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

ती बाई कोण, हे पुढं पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणे नांदुऱ्याकडची, नवस फेडायला आलेली. असेल. आता ठाण्यावर गेले की मी देवीला नमस्कार करते आणि एक तिला करते.

ऑपरेशन झालं, मनाई असूनही मला खाटेजवळ बसू दिलं, पण डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला नव्हता. आतडं जिवंत आहे, याची खूण म्हणजे वारा सरणं. तोवर पाण्याचा थेंबही नाही. सगळा वॉर्ड कानात प्राण आणून त्या एका आवाजाची वाट पाहत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणनं डोळे उघडले, जरा लाजला, आणि हळूच म्हणाला, "माय, मी पादलो."

इतर आया मुलांचे शाळेतले नंबर सांगतात. मी खाटेच्या पायाशी डोकं टेकलं, उठले, आणि साऱ्या वॉर्डाला सांगितलं, की माझा मुलगा पादला.