अक्कांचं वजन मी साठ धरलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालतीला नाही – मालती म्हणजे माझी बायको, जिला माझ्या बनियनचं भोकसुद्धा माझ्याआधी माहीत असतं. मुलाला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्या अक्कांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रंकाळ्यावर फिरताना समोरून आलो तरी ओळखणार नाही. पोट सुटलेले निवृत्त लोक तिथं रोज सकाळी ढिगानं असतात.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा गुन्हा केवढा ते कळेल. एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो. उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या पावतीवर लिहायचा. आमच्या जिल्ह्यात काटामारी हा शब्द शिवीसारखा वापरतात. वजनात मारलं असं एकदा लोकांच्या तोंडी झालं की तो माणूस कामातून गेला. माझ्यावर तो आळ कधी आला नाही. शेतकरी माझी पावती न वाचता टोपीत खोचायचा. मला त्याचा गर्व होता. अजून आहे – आणि खरी पंचाईत तीच आहे.

निवृत्त झालो आणि हातात मोबाइल आला. त्यात एक परदेशी जोडपं दिसलं. पिकअपच्या हौद्यात बसवलेलं छोटंसं घर – आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी – आणि मागच्या दारात बसून दोघं चहा पितायत, समोर समुद्र. नको तेव्हा घर चार पायांवर उतरवून ठेवायचं, गाडी मोकळी. मी तर खुळाच झालो. मालतीला दाखवलं. ती म्हणाली, "अक्काला घेऊन जाऊया." तिला दुसरं काही सुचलंच नाही.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. गडहिंग्लजला असतात. नवरा लवकर गेला. मग शेत आणि चार म्हशी, यांतच त्यांची चाळीस वर्षं गेली. म्हशींना सुट्टी नसते, म्हणून अक्कांनाही नव्हती. तिथून घाट उतरला की समुद्र, पण धार चुकायची म्हणून तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. आता म्हशी पुतण्याकडं गेल्या होत्या. आणि अजून एक गोष्ट सांगायला हवी, ती पुढं लागणार आहे – अक्का जेवायला बसल्या की बघणाऱ्याला भूक लागायची. पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी करायच्या आणि म्हणायच्या, "तूप दिसाय पायजे की दाजी, नुसता वास घिऊन काय करू?" खाऊन झालं की डोळे मिटून क्षणभर तशाच बसायच्या. इतकं सुखी माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर, घर. जुनी पिकअप घेतली, पुढं दोन रांगा सीट आणि मागं हौदा असलेली. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन, आणि सगळं भरून जास्तीत जास्त किती चालेल ते वजन. फरक निघाला हजार किलोचा. त्या हजारात सगळं बसवायचं – घर, टाकीतलं पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि माणसं. हे मला कळायला नको होतं? एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

उद्यमनगरातल्या बापू मिस्त्रींनी कागदावर सातशे किलोचं घर काढून दिलं – ॲल्युमिनियमची चौकट, पातळ प्लाय. मी नाक मुरडलं. आमच्या कोल्हापुरात हलकी वस्तू कुणी कौतुकानं दाखवत नाही हो! मी म्हटलं, चौकट लोखंडी अँगलची करा. ओट्याला कडाप्पा टाका, घरी आहे तसा, खाली उभ्या फळ्यासुद्धा कडाप्प्याच्याच. पलंग सागवानी. टपावर लोखंडी कॅरिअर. बापूंनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, गाडीवर घर ठेवायचं हाय, घराखाली गाडी न्हाय." मी हसलो. म्हटलं, बापू, वजनातलं मला शिकवू नका.

आणि माणसं? माणसं मी धरलीच नाहीत. का, सांगू? उसाची गाडी भरलेली आली तरी ड्रायव्हर आत बसलेला, रिकामी आली तरी तोच बसलेला. वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. माणसालाही वजन असतं, हे एकतीस वर्षांत मला कधी लिहावंच लागलं नव्हतं.

घर तयार झालं. निघायच्या आदल्या दिवशी कुणाला न सांगता मी गाडी गडमुडशिंगीच्या रस्त्याकडच्या एका वजनकाट्यावर नेली. सवय, दुसरं काय? खाली उतरलो. काट्यावरच्या माणसानं आकडा बघितला, घराकडं बघितलं आणि विचारलं, "पावणं, आत ऊस भरलाय व्हय?" पावती हातात घेऊन मी आरसीतला आकडा वजा केला. घराचं वजन, पाणी-भांड्यांसकट, हजार नव्वद. म्हणजे गाडीत एकही माणूस बसायच्या आधीच गाडी नव्वद किलोनं जास्त भरली होती.

तिथं थांबायचं होतं. फोन करायचा होता, माझं चुकलं, महिनाभर थांबूया. पण अक्कांचे त्या आठवड्यात तीन फोन येऊन गेले होते – समुद्रावर वारं असतं तर पदर किती पिना लावून न्यायचा, हे विचारायला. आणि मालतीनं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं की सगळा हिशेब यांनी स्वतः केलाय. मी पावती घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

गाडीचं तोंड वर आणि बूड खाली. स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की गाडी वळतेय ती माझ्यामुळं, असं वाटेना. मालती म्हणाली, किती मऊ चालतेय! मी हो म्हटलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि पावती छातीला.

गडहिंग्लजला अक्कांच्या दारात गल्ली गोळा झाली होती. पंधरा-वीस माणसं सहज. अक्का नवी साडी नेसून, पदराला चार पिना लावून तयार. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, लाडवांचा डबा मालतीच्या हातात दिला. मालती सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "हे एकतीस वर्षं काट्यावर होते, किलोकिलोचा हिशेब घातलाय." अक्का मागच्या सीटवर चढल्या, बसल्या, दार ओढून घेतलं –

आणि खाड्कन आवाज झाला.

मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला होता. गाडी एका अंगाला कलली. मग कट्ट्यावरचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आक्का बसली आन् गाडी बसली की वो!" आणि सगळी गल्ली हसली. अक्कासुद्धा हसल्या. हसत हसत खाली उतरल्या, गाडीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. तेव्हा त्या हसत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "व्हय दाजी? माझ्यानं मोडलं?"

आता बघा. खिशात पावती आहे. एक वाक्य बोलायचं आहे – अक्का, गाडी कालपासूनच मोडायच्या वाटेवर होती, आणि ते मला माहीत होतं. किती शब्द होतात? मी काय बोललो ते इतकी वर्षं मनात ठेवलंय, आता लिहितो. मी म्हणालो, "तसं नाही अक्का. पण हिशेबात तुमचं वजन मी साठ धरलं होतं."

साठ! मी त्यांचं वजन साठ, सत्तर, काहीच धरलेलं नव्हतं. आकडा तोंडातून असा सफाईनं आला – आकड्यांशीच संसार केलेला माणूस मी. गल्लीनं मान डोलावली. क्लार्क सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. अक्का अठ्ठ्याहत्तर किलोच्या होत्या. त्यांनी पदराच्या पिना एकेक करून काढल्या आणि म्हणाल्या, "मला सा म्हैनं द्या दाजी."

आम्ही पाटा बदलून परत आलो. पाटा बदलणारा मेकॅनिक म्हणाला होता, एक पाटा जास्तीचा टाकू का? आमच्याकडं सगळे तेच करतात. पण मला माहीत होतं, पाटा वाढवला की गाडी उंच दिसते, तिची ताकद वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. म्हणून गाडी गुपचूप बापूंकडं नेली. कडाप्पा काढला, कॅरिअर काढलं, सागवानी पलंग काढून नायलॉनच्या पट्ट्यांचा टाकला. तीनशे तीस किलो उतरले. बापूंच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. मालतीला सांगितलं, रस्त्यानं कडाप्प्याला तडा जातो म्हणून बदलला. तिनं सहज विचारलं, "किती किलोचा होता हो?"

म्हटलं, असेल पंधरा-वीस.

तिकडं अक्का रोज पहाटे चालत होत्या. भात सोडला, तूप सोडलं, पोळी सोडली. दर सोमवारी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं राहून मला फोन. मी वहीत आकडा लिहून घ्यायचो – हो, लिहून घ्यायचो! सहा महिन्यांनी एकोणसत्तर. नऊ किलो. मी म्हटलं, आता चालेल.

गेलो. गाडी घाटात अशी उतरली की विचारू नका. समुद्रावर गाडी मागं फिरवून दार उघडलं आणि अक्का दारात बसल्या. पदर धरून समुद्राकडं बघत राहिल्या. मग गाडीच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाल्या, "बघा दाजी, नऊ किलोत गाडी कशी उठली!" किती आनंद होता त्यांच्या तोंडावर! मी म्हटलं, हो ना. मालतीनं सुरमई तळली होती. अक्कांनी एक तुकडी आणि अर्धी भाकरी घेतली. जेवण झाल्यावर डोळे मिटून बसल्या नाहीत. लगेच उठून ताट धुतलं.

याला तीन वर्षं झाली. आम्ही पाच वेळा जाऊन आलो. अक्का गल्लीत सगळ्यांना गाडी कशी उठली ते सांगतात, आणि ते ऐकून तिथल्या सहा बायका पहाटे चालायला जातात. डॉक्टर म्हणाले, अक्का, साखर आटोक्यात आली, बरं केलंत. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी दारात मला अक्कांच्या साखरेचं काही माहीत नव्हतं. मला फक्त माझी अब्रू माहीत होती.

पावती अजून माझ्याकडं आहे, आरसीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, आरसीच्या मागं. अक्का दर वेळी त्या पिशवीवर गणपतीची अंगठ्याएवढी तसबीर ठेवतात. त्यांनी ती पिशवी उघडली तर? वाचता येतं त्यांना. पण दाजींच्या कागदांना त्या हात लावत नाहीत.

आज सकाळी फोन आला. पुढच्या आठवड्यात परत निघायचंय. अक्का जरा दबकत बोलत होत्या. "दाजी, पुतण्याच्या घरात बारसं हुतं. दोन पोळ्या खाल्ल्या, तूप घिऊन. आज काट्यावर हुबी ऱ्हायलो तर दीड किलो वाढलंय. गाडीला चालंल न्हवं? न्हायतर मी न्हाई येत."

आता तरी? घरात दुसरं कुणी नव्हतं. गल्ली नव्हती, कट्ट्यावरचा म्हातारा नव्हता. मालती भाजीला गेली होती. माझ्यासमोर मिसळीची दुसरी प्लेट होती, आणि फोनच्या पलीकडं अक्का श्वास रोखून थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "या अक्का. एवढं चालेल. पण आता जरा बेतानं."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. "आजपास्नं परत बंद."

या तीन वर्षांत माझं स्वतःचं वजन नऊ किलोनं वाढलंय. मी दर वेळी त्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसतो.