हिरड्यांना सुट्टी कुठली?

दुबईजवळच्या रास अल खैमाला आम्ही राहत होतो तेव्हा, दातांसाठी तिथल्या डॉक्टरकडे जायचं नाही, असा आमच्या सगळ्या मराठी मंडळींचा कायदाच होता. मसाले, लग्नकार्यं आणि दात, सगळं दर दोन वर्षांनी, सुट्टीत, इंडियात. कुठल्या शहाण्याने केला होता तो कायदा, देव जाणे. भेटला असता तर मी त्याचेच दात पाडले असते.

माझ्या हिरड्या सुजायच्या, ठणकायच्या. मुलगी बेसिनपाशी ओरडायची, "मम्मा, ब्लड!" आणि नवरा फॅक्टरीतून येऊन बूट सोडता सोडता म्हणायचा, "अगं, मिठाच्या पाण्याने चुळा भर. सहा महिन्यांवर तर सुट्टी आलीय." भरल्या चुळा. तुरटी झाली, हळद झाली, लवंगेचं तेल झालं. रक्त येतं म्हणून मी ब्रश करणंच कमी केलं. अक्कल बघा माझी! त्याने दुखणं आणखी वाढतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुट्टी आली. तीन आठवडे, आणि त्यात धाकट्या दिराचं लग्न. हळदीच्या आदल्या दिवशी कशीबशी डॉक्टरकडे पोचले. ते म्हणाले, "हिरड्यांचं काम एका बैठकीत होत नाही, बाई. चार-पाच वेळा यावं लागेल, नंतरही दाखवत राहावं लागेल. तिकडेच करून घ्या."

घरी येऊन सांगितलं, तर नवरा हसला. "तिकडे? नुसतं तोंड उघडायचे पैसे घेतात ते! पुढच्या सुट्टीत बघू." परत गेल्यावर त्याच महिन्यात एकोणतीस इंची टीव्ही आला. टीव्हीला नाही बरं थांबावं लागलं सुट्टीपर्यंत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी दर आठवड्याला सांगत राहिले, आणि तो मान डोलवत राहिला.

पुढच्या वर्षी समोरचे दोन दात हलायला लागले. चपाती दुधात बुडवून खायची, हसताना तोंडावर हात धरायचा. वय माझं अडतीस! शेवटी एकटीच टॅक्सी करून क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. हिंदीत म्हणाल्या, "बाकीचे वाचवू, पण हे दोन गेले. एक वर्ष आधी आला असतात तर राहिले असते."

दोन्ही काढले. नवरा न्यायला आला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, एवढं होत होतं तर बोलायचं नाही का?"

मी तोंडातला कापसाचा बोळा काढला. हिरडी बधिर, शब्द फसफस बाहेर येत होते, हनुवटीवर रक्त ओघळत होतं, तरी पहिल्या चुळेपासून टीव्हीपर्यंत सगळं ऐकवलं. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी बोलतच होते, आणि नवऱ्याने गाडी हलवली नाही.