रापणीच्या दोरीने आज माझ्या टाचा जमिनीवर आणल्या

मंडळी, तळहात सोललेत, पण हे आत्ताच सांगायचंय!

मी कट्टा गावाजवळच्या एका शाळेची नवी मुख्याध्यापिका. महिना झाला, पण मीटिंगमध्ये माझं बोलणं कोणी मनावर घेत नाही. आज मी आणि सात शिक्षक तारकर्लीला सहलीला गेलो. किनाऱ्यावर रापण चालली होती, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं दोरीने ओढून काढायचं. माणसं कमी होती, म्हणून आम्हीही दोरीला लागलो.

सगळ्यात पुढे अर्थातच मी! "एक, दोन, तीन, ओढा!" ओरडून घसा बसला. प्रत्येकाचा जोर वेगळ्याच वेळी. दोरी उलट समुद्राकडे सरकायला लागली.

रापणीचे म्होरके सांतानमामा जवळ आले. "बाईनू, वरडतास कित्याक? टाचो हवेत आसत तुमच्यो. पाय वाळूत रोवा, खांदे सैल सोडा. तुमचा आंग मागे गेला काय मागचे आपसूक येतले."

पाय रोवले. श्वास सोडला आणि एक शब्द न बोलता अख्खं अंग मागे टाकलं. त्याच क्षणी सातही जणांनी जोर लावला! मी वळून बघितलंसुद्धा नाही, दोरीतूनच कळलं. जाळं वाळूवर आलं, बांगडे फडफडले आणि आम्ही चक्क नाचलो!

परतताना गाडीत आठवलं, मीटिंगला मी खुर्चीच्या अगदी टोकावर बसते. खांदे कानाला लागलेले, टाचा उचललेल्या. जणू कधीही पळेन.

खरं सांगा, लोकांना "चला माझ्यासोबत" म्हणताना तुमच्या टाचा कुठे असतात?