कुबरावहिनींनी चावी दिली नाही

सौदीत राबिघला कंपनीच्या इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर कुबरावहिनी राहत. मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांचे यजमान हाशमभाई कंपनीच्या स्टोअरचे इनचार्ज, मी अकाउंट्समध्ये. वहिनींच्या घरात 'पुरे' या शब्दाला काही किंमत नव्हती. ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून भात यायचा.

त्यांची लेक झेबा शिकायला पुण्याला गेली आणि तिची मखमल आईकडे राहिली. मखमल म्हणजे आफ्रिकेतल्या लहान जातीची अजगराची मादी. विष नाही, फूत्कार नाही. घाबरली की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गोळा होऊन बसायची. खाणं ठरलेलं. जेद्दाहच्या दुकानातून आणलेला बर्फातला उंदीर कोमट पाण्यात ऊन करायचा आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. त्या उंदरांसाठी बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीज होता. मटणाच्या फ्रीजला ते लागलेले वहिनींना चालले नसते.

झेबा गेली आणि मखमलने खाणं सोडलं. ही जात जरा काही बदललं की महिनेच्या महिने उपाशी बसते, हे झेबाने बजावलं होतं. पण आपल्या घरात कुणी उपाशी बसलंय हे वहिनींना सोसेना. रोज झाकण उघडायचं, रोज उंदीर ऊन करायचा, जागा बदलून बघायची. शेवटी त्यांनी जिवंत उंदीर आणून पेटीत सोडला आणि स्वयंपाकाला गेल्या. परत येऊन बघतात तर उंदीरच सापाला चावलेला.

"मम्मी, डोन्ट फोर्स हर," झेबा फोनवर म्हणाली. "समोर ठेव और चली जा."

"ताट ठेवून पाठ फिरवू? हे कुणाच्या घरात शिकलीस?"

पण जखम बघून वहिनी नरमल्या. मलम लावलं आणि पेटीवर चादर टाकली. पुष्कळ दिवसांनी एकदा उंदीर ठेवून त्या खरंच खोलीबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा उंदीर नव्हता. माझ्या बायकोला, चित्राला म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा पाठ फिरवून वाढलं."

मग निताकत कायद्याची वर्षं आली. किती सौदी माणसं कामावर आहेत यावर कंपनीचा रंग लाल की हिरवा ते ठरू लागलं. आमच्या कंपनीला हिरवं व्हायचं होतं. हाशमभाईंच्या खुर्चीवर फवाझ नावाचा तरुण आला आणि हाशमभाईंचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाण्याचा व्हिसा, लागला. साप विमानात नेता येत नाही.

अ‍ॅडमिनचा सुशील, आपला नाशिकचा, फ्लॅटची चावी मागायला आला. मीही तिथेच होतो.

"वहिनी, त्यात काय एवढं? वाळवंटात सोडून या."

"तुझी आई म्हातारी झाली तेव्हा कुठे सोडून आलास?"

सुशीलने चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"ही जंगलातली आहे, वाळूत मरेल. हिला घर मिळेल आणि त्या घरात ही खाईल, तेव्हा चावी."

"अहो, ती महिनोन्‌महिने उपाशी राहते, तुम्हीच सांगितलंत."

"मग मीही राहीन. खलास."

घर देणारं कुणी मिळेना. जेद्दाहचा दुकानदार तयार होता, पण तो गिऱ्हाइकांना दाखवायला ओढून ओढून बाहेर काढणारा. वहिनींनी त्याला नाही म्हटलं. हाशमभाई गयावया करत होते, व्हिसाची मुदत सरत आली होती. त्यांच्या शेवटच्या हिशेबाचा, क्लिअरन्सचा कागद माझ्या टेबलावर होता. चावीखेरीज त्यावर सही होत नाही. वहिनींवर आणखी दबाव नको म्हणून मी सुशीलला त्याची एकदाही आठवण करून दिली नाही.

शेवटी फवाझ स्वतःच मखमलला न्यायला घरी आला. स्टोअरमध्ये हाशमभाईंकडून ऐकलं होतं म्हणाला. घरी त्याच्याकडे बहिरी ससाणा होता. जनावर आपल्या वेळेने खातं हे त्याला ठाऊक होतं. वहिनींनी त्याला बसा म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. त्या घरात मी असं प्रथमच पाहिलं.

"सांगा त्याला," त्या हाशमभाईंना म्हणाल्या, "ठेवायचं आणि निघून जायचं. घरच्या बायांनी आग्रह करायचा नाही. जिवंत उंदीर नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाही तर ओकते."

हाशमभाईंनी अरबीत सांगितलं.

"आणि हेही सांगा. खुर्ची घेतलीस त्याची माफी मी दिलेली नाही."

हाशमभाई काहीतरी गुळमुळीत बोलले.

"जसंच्या तसं सांगा."

त्यांनी सांगितलं. फवाझ छातीवर हात ठेवून "समजलं, खाला," एवढंच, मावशीला म्हणावं तसं म्हणाला आणि पेटी उचलली.

सुशीलचे फोन येत राहिले. वहिनी उचलत नव्हत्या. व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी हाशमभाईंच्या फोनवर फवाझने एक व्हिडिओ पाठवला. दाराच्या फटीतून लांबून घेतलेला. मखमलच्या जबड्यात उंदराची शेपटी तेवढी दिसत होती.

वहिनींनी तो दोनदा पाहिला. मग ऑफिसात येऊन माझ्यासमोर चावी सुशीलच्या टेबलावर ठेवली.

"आता घे. तू मागितलीस म्हणून नाही."