छीबाई

"छी! कसा वास सुटला हाये!" आमच्या ॲनिमल हाऊसच्या, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवतात त्या खोलीच्या, दारात उभ्या राहून बाई म्हणाल्या. नाकाला पदर लावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी उलट मान पुढं काढून आणखी एक खोल श्वास घेतला आणि मागं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं वळल्या. "आधी वास घ्या. मंग बोलू."

मी गोंदियाजवळच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात शिकवते. औषधांवर संशोधन करायचं तर प्राण्यांशी आणि माणसांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यासाठी संचालकांनी या बाईंना बोलावलं होतं. दवनीवाड्याच्या शेतकरी घरातल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या गुरांच्या डॉक्टर. खरं तर त्या प्राण्यांपुरत्या यायच्या होत्या. पण माणसांबद्दल शिकवायला नेमलेले नागपूरचे डॉक्टर कधी उगवलेच नाहीत, म्हणून दोन्ही कामं बाईंच्या गळ्यात पडली. त्यांच्या बोलण्यात 'छी' इतकं यायचं, की आमच्यात त्यांचं नाव छीबाई पडलं.

कपाळावर कायमची आठी असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना चिडकं म्हणतो आणि वाट वाकडी करतो. मीही केली असती, पण पहिल्याच दिवशी बाईंनी आमचा नाश्ता हलवला.

सेमिनार हॉलमध्ये मांडलेले तर्री-पोहे त्यांनी ॲनिमल हाऊसमध्ये आणायला लावले. "इथंच खा," म्हणाल्या. आम्ही पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये प्लेटा घेऊन उभे राहिलो. पिंजऱ्यांत अंथरलेल्या, मुतानं भिजलेल्या कोंड्याचा वास डोळ्यांत झोंबत होता. एका उंदराच्या शेपटीचा इतरांनी कुरतडून लगदा केला होता आणि तो त्याच कोंड्यात तोंड खुपसून बसला होता. आमच्यातले एक तरुण सर घास टाकून बाहेर धावले आणि नळाजवळ ओकले.

"सर कामाचे हायेत," बाई समाधानानं म्हणाल्या. मग दुसऱ्यांदा पोहे वाढून घेणाऱ्या एका प्राध्यापकांकडं बघत राहिल्या. "मले भीती अशाईची वाटते."

नंतर पदर खोचून त्यांनी स्वतः पिंजरे उपसायला घेतले. आम्हीही लागलो. दुपारपर्यंत सगळ्यांच्या अंगाला तोच वास येत होता.

माणसांचा धडा त्यांनी एका काढ्यावर उरकला. प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "प्या." कडू जहर होता. सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी करत संपवला.

"काऊन पिले?"

"तुम्ही दिला म्हणून, मॅडम," कोणीतरी म्हणालं.

"कशाचा होता?"

कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"छी! एवढे शिकलेले तुम्ही, आन् बाईनं देल्लं म्हणून घटाघट पिले. देवरीच्या जंगलातली बाई तुमच्यासारख्या साहेबाले काय विचारन?" मग त्यांनी सांगितलं, साधा चिरायता होता, तापावर देतात तो. तरी एक मॅडम दिवसभर पोट धरून बसल्या.

प्रशिक्षण संपलं, पण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत संचालकांनी बाईंना ठेवून घेतलं. कागदावर एक बाई हवीच होती. कमिटीची कागदपत्रं मी सांभाळायचे. तिथंच ते मलमाचं प्रकरण आलं.

आमच्या कॉलेजानं खरजेवर एक मलम केला होता आणि तो देवरीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात वापरून बघायचा होता. तिथं खरूज होतीच. योजना अशी, की अर्ध्या मुलींना आमचा मलम लावायचा आणि अर्ध्यांना औषध नसलेला, नुसता पांढरा. महिनाभर. आणि त्या महिन्यात सरकारी दवाखान्यातलं खरजेचं औषध कोणालाच द्यायचं नाही, म्हणजे फरक नीट दिसेल. हे वाचताना मला माझ्याच नोकरीची शिसारी आली.

"कागदावर खाज दिसत नाई," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन बसनं तिकडं गेल्या. मी अधीक्षकांनी पुसून दिलेल्या खुर्चीवर बसले. बाई मुलींच्या अंथरुणावर बसल्या. एकेकीचा हात मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघत होत्या. फोड, ओरखडे, काही ठिकाणी पू. जवळच्या चादरींना आंबूस घाण येत होती. "रातच्या झोप येते का ओ?" त्या विचारायच्या. मुली हसून नाही म्हणून माना हलवायच्या. कमिटीची बैठक पुढं पुढं ढकलली जात होती, आणि बाई एकट्याही पुन्हा पुन्हा जाऊन आल्या.

शेवटी बैठक भरली. बाई आल्या त्या खाजवतच. मनगट, कोपर, बोटांच्या मधे. चहा आला तरी खाजवणं चालूच. शेजारचे वकील सदस्य खुर्ची हळूच सरकवत गेले. दुसऱ्या बाजूच्या सरांनीही सरकवली. थोड्या वेळानं एवढ्या मोठ्या टेबलाच्या त्या बाजूला बाई एकट्याच उरल्या होत्या.

"मॅडम, क्या हुआ? तब्येत बरी नाही का?" संचालकांनी विचारलं.

"खरूज झाली. तुमच्या त्या पोरीईपासून."

"अरे, तो दवा लगाओ ना! सरकारी दवाखान्यात फुकट भेटते!"

"भेटते ना?" बाई म्हणाल्या.

संचालकांना आपण काय बोललो ते उमगलं असावं. घसा साफ करून ते म्हणाले, "ते वेगळं आहे. तिथं अधीक्षकांची संमती आहे. सही आहे त्यांची."

"खाज अधीक्षकाले हाये का?" बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले. फुटलेले फोड, नखांखाली रक्त. "मी अजून औषध नाई लावलं. म्हटलं, पाहू तरी. थोडे दिवस झाले, डोळ्याले डोळा नाई. तुम्ही त्याईले महिना म्हणून राहिले. छी!"

वकील सदस्यांनी सगळ्यात आधी 'नामंजूर' म्हटलं. तत्त्वासाठी, की लवकर उठता यावं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. बाकीचे त्यांच्या मागून बोलले. संचालकांनी सहीसाठी आपलं पेन पुढं केलं आणि बाईंनी सही केल्यावर ते परत घेतलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सरकारी औषध घेऊन वसतिगृहात गेलो. अंगणात मोठ्या गंजात चादरी उकळायला टाकल्या. आत खोलीत मुलींना एकेक करून गळ्यापासून तळव्यापर्यंत औषध लावलं. गुदगुल्या होऊन त्या किंचाळत होत्या. सगळ्या संपल्यावर एक मोठी मुलगी बाईंना म्हणाली, "बाई, तुमाले पाठीवर कोन लावते?"

बाई एकट्याच राहायच्या. "तूच लाव," म्हणाल्या आणि पाठमोऱ्या बसल्या. ती मुलगी लावत असताना त्यांच्या कपाळावरची आठी मला पहिल्यांदाच मोडलेली दिसली.

पुढच्या वर्षी प्रशिक्षणाला बाईंना कोणी बोलावलं नाही. "आता ऑनलाइन आलं आहे," संचालक म्हणाले. "झंझटच नाही." मला ते बाईंना सांगणं भाग होतं. फोन केला.

"किती वेळ लागते त्याले?" त्यांनी विचारलं.

"वीसेक मिनिटं."

"वीस मिनिटांत तर उंदीरबी हाताले सरावत नाई," त्या म्हणाल्या, आणि दवनीवाड्यात धान कापणी कशी चालली आहे ते सांगू लागल्या.

आमचं ऑनलाइन प्रशिक्षण हिवाळ्यात झालं. संगणकाच्या खोलीत सगळे एकत्र बसले. एक जण मोठ्यानं उत्तरं सांगत होता आणि बाकीचे खुणा करत होते. 'प्राण्याला वेदना होत आहेत हे कसे ओळखाल?' या प्रश्नाला तो "क" म्हणाला, आणि सगळ्यांनी, प्रश्न न वाचता, क केलं. मला तिथं बसवेना. बाहेर व्हरांड्यात येऊन मी बाईंना फोन लावला. त्यांच्या भाच्यानं उचलला.

"मावशी गेली, मॅडम," तो म्हणाला. "पंधरवडा झाला. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं."

फोन ठेवला तोच आतून टाळ्या ऐकू आल्या. सगळे पास झाले होते. ते पोहे दोनदा घेणारे प्राध्यापक हसत बाहेर आले.

"मॅडम, तुमचंही मी भरून टाकलं," ते म्हणाले, आणि माझ्या हातात माझ्या नावाचं प्रमाणपत्र ठेवलं. प्रिंटरमधून नुकतंच निघालेलं, कोमट होतं.