रिगवाले काका

रिगवाल्या काकांना कुणी झोपलेलं बघवत नसे. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत दुपारी भाजीवाली पेंगली, की काका तिला हाका मारून जागं करत. "उठा बाई. ठीक आहात ना?" एका लग्नात तर त्यांनी सतरंजीवर घोरणारे व्याहीही उठवले होते. लोक चिडत. काका "माफ करा" म्हणत आणि पुढच्याला उठवत.

ते समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे रिगवर, फिटर होते. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस नाशकात. "खाली पाणी, वर आभाळ, मधे थरथरणारं लोखंड," असं वर्णन करायचे. एकदा मात्र ते पाळी संपण्याआधीच घरी आले आणि पुन्हा कधी गेले नाहीत. का, ते काकूंनाही सांगितलं नाही.

मला सांगितलं ते फार उशिरा, आमच्या ओट्यावर बसून. प्लॅटफॉर्मवर गॅस गळून आग लागली होती. भोंगा झाला, सगळे बोटींकडे धावले. काकांच्या खोलीत राहणारा हरसूलचा किसन, कंत्राटी रंगारी, रात्रपाळी करून आत झोपला होता. काका त्याच दारावरून पळत गेले.

"वाटलं, तो पुढे गेला असेल. एक थाप मारायची होती रे दारावर. एकच." बोटीत माणसं मोजली तेव्हा एक कमी भरला.

मग म्हणाले, "मी दारावरून तसाच पळालो, हे त्याच्या आईला सांगायचंय. एकट्यानं जमत नाही. येतोस?"

मी त्यांना मोटरसायकलवरून हरसूलला नेलं. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बस. जेवून जा."

जेवताना तिनंच विषय काढला. "लय गाढ झोपायचा माझा किसन. थाप मारून नसता उठला. मी त्याला पाणी वतून उठवायची."

येताना घाटात त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. "खरं बोलली का रे ती? की माझ्यासाठी बोलली?"

मी गाडीला किक मारली. पुढे दर महिन्याला ते हरसूलला जात राहिले. तिचं छप्पर शाकारलं, हातपंप दुरुस्त केला. पण तो प्रश्न तिला कधी विचारला नाही.

गेल्या थंडीत काका गेले. पंचवटीतल्या घरी, दुपारचा चहा घेताना. म्हातारीला सांगायला मी गेलो. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"कधी गेला?"

"काल, आजी."

"नाय रं बाबा," ती म्हणाली, "तो बी किसनसंगंच गेला व्हता. सांगावा तेवढा आज आला."