मास्तरांच्या पायाला आलेल्या मुंग्या

आमच्या मास्तरांइतका भित्रा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. बैल, वीज, आगगाडी, खुद्द त्यांच्या मातोश्री, सगळ्यांना ते सारखेच भीत; पण सर्वांत जास्त भीत ते डिपुटी साहेबांना. साहेब वर्षातून एकदा आमच्या खाडीकाठच्या शाळेची परीक्षा घ्यायला येत, आणि त्याआधी आठवडाभर मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे. शिकवण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस कुणाच्या बापाला भीत नसे. प्रत्येक पोराच्या डोक्याचं दार वेगळ्या बाजूला असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. वाण्याचा मुलगा जात्याच भांडखोर, म्हणून त्याला ते मुद्दाम चुकीचा भूगोल सांगत. "गंगा आपल्या ठाण्याच्या खाडीला मिळते," असं मास्तर गंभीरपणे म्हणाले, की तो लालबुंद होऊन हिंदुस्थानातल्या सगळ्या नद्या त्यांच्या अंगावर सोडी. एका लाजऱ्या मुलाला ते भिंतीकडे तोंड करून कविता म्हणायला लावत. त्याचा आवाज मग असा लागे, की रस्त्यावरची माणसं थबकत.

मी मिठागरावरच्या माणसाचा मुलगा. मांडी घालून बसलो, की पाढे डोक्यातून पळून जात. मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी आमच्याकडे ओली जमीन रांगेनं पायांनी तुडवून घट्ट करतात. तसं तुडवताना मी काहीतरी गुणगुणत असल्याचं मास्तरांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझे पाढे उभ्यानं, पाय आपटत सुरू झाले. पाढे यायला लागले! पण माझ्या वडिलांचा त्यावर भरवसा नव्हता.

"मास्तर, यो पोऱ्या आवंदा पास नाय झाला, त मी त्याला मिठागराव नेन," ते म्हणाले. मास्तर त्यांनाही भ्याले.

परीक्षेच्या दिवशी वडील दारातच उभे होते. साहेबांनी मला एकोणतिसाचा पाढा विचारला. मी पाय उचलला.

"सरळ उभा राहा! हा काय तमाशा?"

माझे पाय जमिनीला खिळले. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, आणि पुढे सगळा काळोख. साहेबांनी टाक शाईत बुडवला. वडिलांनी खांद्यावरचं फडकं झटकलं. तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीमागे काहीतरी हललं. धोतराचा सोगा हातात धरून मास्तर, जरासुद्धा आवाज न करता, जागच्या जागी तुडवत होते. पगडी डुलत होती आणि चेहरा भीतीनं पांढराफटक पडला होता. त्यांच्या पायांवर नजर ठेवून मी पाढा शेवटापर्यंत नेला.

साहेबांनी माझ्या नजरेचा रोख धरला आणि मान वळवली.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"मुंग्या... पायाला मुंग्या आल्यात, साहेब."

मी पास झालो. मास्तरांची मात्र शाळेत शिस्त नाही म्हणून मुरबाडच्या रानात बदली झाली. आगगाडी रुळावरून घसरेल या धास्तीनं ते कल्याणपर्यंत मचव्यानं निघाले. बंदरावर आम्ही सगळे जमलो. वाण्याचा मुलगा साहेबांशी भांडायला निघाला होता. लाजरा पाठ फिरवून रडत होता. मला मास्तरांशी बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ट्रंकेवर बसल्या बसल्या त्यांनी हळूहळू पाय हलवायला सुरुवात केली.

माझेही पाय हलले.

"मास्तर," मी म्हणालो, "जाऊ नका."